चारचौघांत

चाकणच्या त्या चहाच्या टपरीवर मी एरवी थांबलेच नसते... पण बस वेळेच्या आधी पोहोचली, कंपनीत जायला अवकाश होता, आणि आश्विनातला परतीचा पाऊस नेमका तेव्हाच भुरभुरू लागला. छत्री घरी राहिलेली. मी पदर डोक्यावर ओढला आणि टपरीच्या निळ्या ताडपत्रीखाली शिरले.

तिथे पांढऱ्या मिशांचे एक उंच गृहस्थ बशीत चहा ओतून फुंकर घालत उभे होते. डोक्यावर कडक इस्त्रीची टोपी, अंगात स्वच्छ सदरा, डोळे मिटलेले. इतक्या सुखाने चहा पिणारं माणूस बघून मला हसू आलं – आणि मग ते हसू ओठांवर तसंच थबकलं.

"भिमाजीराव?"

डोळे उघडले. बशी हिंदकळली.

"आगं बाबौ... बाई, तुमी?"

"तुम्ही चहा पिता?"

"पितो की. जल्मल्यापास्नं पितो."

"मग माझ्या केबिनमध्ये इतकी वर्षं मी तुमच्यासाठी चहा मागवायचे आणि तुम्ही कपाला बोटसुद्धा लावत नव्हता! मला वाटायचं, तुम्हाला पित्त होतं. एकदा तर मुद्दाम ताक मागवलं होतं."

"त्ये बी न्हाई पेलो." मिशीआड हसू हललं. "बाई, तवा केबिनमदला चहा पेला म्हंजी माणूस इकला गेला, असं व्हतं. भाईर समदी शिफ्ट काचंतनं बगत असायची, भिमा कप उचलतोय का. उचलला की गेला भिमा."

"आणि मी आपली दर वेळी वेलची घालायला सांगायचे..."

"वास यायचा," ते हळूच म्हणाले. "लई जीव जायचा."

ही गोष्ट पिंपरीतल्या आमच्या जुन्या कारखान्याची. तिथे आम्ही पंपांच्या मोटारी बनवायचो. मी कॉइल वाइंडिंगच्या, म्हणजे मोटारीत तारा गुंडाळणाऱ्या मुलींमधून वर येऊन सुपरवायझर झालेली, आणि भिमाजीराव कामगार युनियनचे सेक्रेटरी. बोनस असो, रजा असो, कॅन्टीनमधल्या आमटीचं पाणी असो, ते माझ्या काचेच्या केबिनमध्ये येऊन भांडायचे आणि मीही तितकंच भांडायचे. तेव्हा रहाटणीत आमच्या घरामागे ज्वारी डोलायची, रात्री कोल्हे ओरडायचे, आणि सकाळी भोंगा झाला की सायकलींची अशी रांग लागायची की रस्त्यावर डांबर दिसू नये. तो कारखाना बंद पडला, तिथे आता उंच इमारती आहेत. आम्ही दोघंही कधीच निवृत्त झालो. माझे यजमान गेले, त्यांची कारभारीण गेली, हे एकमेकांना इतर कुणाकडून तरी कळलेलं. भेट मात्र झाली नव्हती ती त्या टपरीपर्यंत.

"पण तुम्ही इथे कसे?" मी विचारलं.

"ह्या कंपनीनं बोलावलंय. पोरांना कायतरी शिकवायचंय म्हनं."

"मलाही!"

ते माझ्याकडे बघत राहिले. मग टपरीवाल्याला म्हणाले, "बाईंना एक चहा दे. वेलची घालून."

* * *

आम्हाला बोलावणारी मुलगी म्हणजे स्नेहल. गाड्यांच्या सीटचे सांगाडे बनवणाऱ्या त्या कंपनीत मनुष्यबळाचं काम बघायची. कामगारांमधून नुकत्याच लाइन लीडर झालेल्या मुलामुलींना माणसं सांभाळायला शिकवायचं होतं. बाहेरचा कोट-टायवाला शिक्षक येऊन गेला होता, पण मुलं म्हणाली, झोप आली. मग हिच्या डोक्यात आलं, एक जुन्या सुपरवायझर आणि एक जुने युनियनवाले शोधू आणि पाच-सहा शनिवार त्यांच्या हवाली करू.

"तुम्ही ओळखता एकमेकांना?" तिने आश्चर्याने विचारलं.

"वळखतो म्हंजी... ह्यांनी मला मेमो दिलेत."

"तेही कमीच दिले," मी म्हणाले.

स्नेहलचा चेहरा उतरला. तिला वाटलं, आता शनिवार-शनिवार भांडणं.

भांडणं झालीच, पण मुलांना ती आवडली. पहिल्याच दिवशी भिमाजीरावांनी सांगून टाकलं, "हुकूम कसा द्यायचा त्ये बाई शिकवतील. त्यो खालच्याला कसा लागतो, त्ये मी सांगतो." मधल्या सुट्टीत त्या गार खोलीत ट्रेमधून चहा आला. सगळ्यांनी कप उचलले, यांनी हात मागे घेतला. सवय! मी नुसतं बघितलं तर त्यांनी कान पकडला आणि हळूच म्हणाले, "भाईर जाऊन पिऊ."

त्या मुलांमध्ये अजिम नावाचा एक लाजाळू मुलगा होता, काळेवाडीचा. दुसऱ्या शनिवारी तो उठून उभा राहिला.

"मॅडम, माझ्या लाइनवर वजीरचाचा आहेत. अब्बूंचे दोस्त. त्यांच्या सायकलवर बसून मी शाळेत गेलोय. आता मीच त्यांचा लीडर झालोय. त्यांचं वेल्डिंग बिघडतंय, पीस परत येतायत. वरून मला विचारतात. पण चाचांना कसं बोलू? तोंडच उघडत नाही."

मी आयुष्यभर पाळलेला नियम त्याला सांगितला. "चूक दाखवायची ती चारचौघांत नाही, बाजूला घेऊन. कामाला बोलायचं, माणसाला नाही. आणि कौतुक करायचं ते मात्र सगळ्यांसमोर."

"बराबर हाय," भिमाजीराव म्हणाले. "पन बाजूला घ्यायच्या आदी शेजारी बस. डबा खाताना बस. कामाचं काय बी बोलू नगं."

"मग काय बोलू, काका?"

"लोणचं माग."

सगळी खोली हसली. अजिमने मात्र तसंच केलं. पुढच्या शनिवारी येऊन त्याने सांगितलं, की दोन दिवस नुसतं लोणचं खाल्लं, तिसऱ्या दिवशी चाचा आपणहून बोलले. मोतीबिंदू होता. लपवत होते, घरी बसवतील या भीतीने. अजिमने वर बोलून ऑपरेशन होईपर्यंत त्यांना ट्रॉल्या लावण्याचं काम मिळवून दिलं, आणि का ते लाइनवर कुणालाही कळू दिलं नाही.

मी त्या मुलाचं सगळ्यांसमोर तोंडभर कौतुक केलं. त्याचे कान लाल झाले.

"आन् मला?" भिमाजीराव.

"तुम्हाला काय?"

"लोणचं माजं व्हतं."

महेक नावाची एक चुणचुणीत मुलगी पुढच्या बाकावर बसायची. ती तोंडावर ओढणी धरून इतकी हसली की मी उगाचच कागद चाळायला लागले.

* * *

संध्याकाळी कंपनीची बस आम्हाला मोशीवरून शहरात आणायची. कंपनीच्या बसमध्ये प्रत्येकाची जागा ठरलेली असते, हे बाहेरच्यांना कळत नाही. पहिल्या दिवशी मी चुकून दुसऱ्याच कुणाच्या जागेवर बसले तर अख्ख्या बसने माझ्याकडे वळून बघितलं! त्यानंतर मागच्या बाजूची दोघांची एक सीट आमची ठरली. भिमाजीराव आधी चढायचे आणि खिडकीजवळ टोपी काढून ठेवायचे. मी आले की टोपी उचलायचे. एका शब्दानेही काही न बोलता.

खिडकीच्या काचेवर पावसाच्या रेघा. बाहेर ट्रकांची रांग. आत ओल्या कपड्यांचा, डब्यातल्या उरलेल्या भाजीचा वास. दमलेली माणसं माना टाकून झोपलेली, आणि आम्ही दोघं शाळेतल्या मुलांसारखे कुजबुजत.

"भिमाजीराव, एक विचारू? अख्खा कारखाना मला इंदुताई म्हणायचा. आता ही मुलंही ताई म्हणतात. तुम्ही एकटे बाई म्हणता. का हो?"

ते समोरच्या सीटकडे बघत राहिले.

"ताई म्हनलं की..."

"की काय?"

"की फुडं दुसरं काय म्हनायची सोय ऱ्हात न्हाई."

बस खड्ड्यातून गेली. माझा हात पुढच्या दांडीवर होता, तो मी तसाच घट्ट धरून ठेवला. या वयात छातीत धडधडलं की आधी गोळी घेतली का ते आठवतं. मी घेतली होती.

पुढच्या शनिवारी त्यांनी एक पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. पुनावळ्याला त्यांच्या घरामागे जमिनीचा एक तुकडा उरलाय, तिथल्या पावट्याच्या शेंगा.

"फुलं आननार व्हतो," ते म्हणाले. "पन बसमदी बोभाटा झाला असता."

"शेंगांनी होत नाही?"

"शेंगा म्हंजी भाजी. भाजीला कोन नाव ठिवतंय?"

त्या रात्री मी एकटीसाठी पावट्याची उसळ केली. एकटीसाठी इतकं मन लावून स्वयंपाक करायची सवय कधीच सुटली होती. ताट वाढलं, आणि आपण गुणगुणतोय हे लक्षात आल्यावर घरात कुणी नाही तरी लाजले.

पण एक गोष्ट मी त्यांना सांगितली नव्हती, आणि ती सांगायलाच हवी होती. माझी लेक सायली बंगळूरला असते. माण गावाजवळच्या आयटी पार्कात होती, मग तिकडे बदली झाली. दिवाळीनंतर आईने रहाटणीतलं घर भाड्याने द्यायचं आणि कायमचं तिकडे यायचं, असं तिने ठरवून टाकलं होतं. मी नाही म्हणाले नव्हते. नाही म्हणायला काही कारणच नव्हतं... निदान तेव्हा तरी.

मी बसमध्ये सांगितलं. भिमाजीराव टोपीची घडी बोटांनी सरळ करत राहिले.

"कायमचं?"

"ती तसं म्हणते."

"आन् तुमी काय म्हन्ता?"

"मी... मी काय म्हणणार?"

"बाई," ते म्हणाले, "उभ्या कारखान्याला तुमी सांगायच्या, काय पायजे त्ये तोंडानं मागा, मनात ठिवू नका. आता तुमीच..."

मोशीचा चौक आला, गेला.

* * *

शेवटून दुसऱ्या शनिवारी विषय होता रजा. कारखान्यात निम्मी भांडणं रजेवरून होतात, हे माझ्या काळातही खरं होतं आणि आजही आहे. मुलांनी जोड्या करून नाटकं करायची ठरलं. एकाने रजा मागायची, दुसऱ्याने लीडर व्हायचं. महेकच्या लाइनवरच्या मुली "हो दीदी" म्हणायच्या आणि मग करायचं तेच करायच्या – त्या नाटकाला तर खूपच रंग चढला. शेवटी तिनेच टाळ्या वाजवल्या.

"ताई, आता तुम्ही आणि काका करा ना!"

"करा, करा!"

मी टेबलामागे बसले. भिमाजीराव समोर येऊन उभे राहिले आणि डोक्यावरची टोपी काढून दोन्ही हातांत धरली. क्षणभर मला ती जुनी काचेची केबिन दिसली. केबिनमध्ये मात्र त्यांनी टोपी कधी काढली नव्हती.

"बाई, रजा पायजे."

"किती दिवस?"

"आट."

"कारण?"

"लगीन हाय."

"कुणाचं? नातवाचं?"

"माजं."

खोलीत हास्याचा फवारा उडाला. अजिम तर बाकावर आडवा झाला. भिमाजीराव हसले नाहीत. त्यांच्या हातातली टोपी गोल फिरत होती. मी तिथेच थांबायला हवं होतं. पण मुलं हसत होती, मलाही चेव आला.

"नवरी कोण?"

"हाय एक." आवाज इतका हळू की हसणं आपोआप थांबलं. "अजून इचारलं न्हाई तिला. ती गाव सोडून निगालीय. म्हनलं... रजा मिळती का, त्ये आदी बगावं."

आता कुणीच हसत नव्हतं. वर पंखा घरघरत होता. महेकच्या तोंडावरची ओढणी खाली आली. सगळे डोळे माझ्यावर. आणि माझ्या अंगातून गरम काहीतरी वर चढत गेलं, कानांपर्यंत, केसांपर्यंत... मग माझ्यातली ती जुनी सुपरवायझर धावून आली, जिने काचेआडून कधी कुणाला आपला चेहरा वाचू दिला नव्हता.

"या वयात लग्नाची रजा?" मी म्हणाले. "नामंजूर. जा, कामाला लागा."

हशा. टाळ्या. सुटल्यासारखा हशा.

भिमाजीरावांनी टोपी डोक्यावर घातली, नीट बसवली. "व्हय, बाई," म्हणाले. तेही हसले, सगळ्यांच्या नंतर, थोडंसं.

संध्याकाळी बसमध्ये आमच्या सीटवर टोपी नव्हती. ते पुढे ड्रायव्हरजवळ बसले होते. मोशीला उतरले. "जरा काम हाय," असं म्हणाले. कुणाला, ते कळलं नाही.

तो आठवडा कसा गेला ते काय सांगू! भाजी करपली, दूध उतू गेलं. सायलीचा फोन आला, "आई, सामान बांधणाऱ्यांना कधीचं सांगू?" मी म्हणाले, बघू. एक नियम मी शेकडो जणांना शिकवला होता, स्वतः कधी मोडला नव्हता. आणि मोडला तो कुणाच्या बाबतीत? ज्या माणसाने भांडतानासुद्धा कधी मला चारचौघांत खाली पाहायला लावलं नाही, त्याच्या.

* * *

शेवटच्या शनिवारी खुर्ची रिकामी होती.

"काकांचा फोन बंद येतोय," स्नेहल म्हणाली. "तब्येत बरी नसेल. आपण सुरू करूया ना, मॅम?"

मी सुरू केलं. काय शिकवत होते ते माझं मलाच ऐकू येत नव्हतं. चांगलं काम करणारं माणूस अचानक यायचं थांबलं तर काय कराल, असा काहीतरी प्रश्न मी विचारला. ठरवून नाही, तोंडातून निघाला.

कुणी म्हणालं, फोन करू. कुणी म्हणालं, वर कळवू. महेक हात वर करून माझ्याकडे सरळ बघत होती.

"ताई, काका म्हणाले होते ना, माणूस आला नाही तर मेमो धाडू नका, घरी जा."

"हो," मी म्हणाले. "म्हणाले होते."

"तुमच्या वेळी तुम्ही जायच्या?"

"नाही गं. मी मेमो द्यायचे. घरी तेच जायचे."

मी खडू खाली ठेवला. हात पदराला पुसले.

"स्नेहल... मी आज जरा लवकर निघाले तर?"

स्नेहल घड्याळाकडे बघायला लागली. तेवढ्यात मागून आवाज आला. लाजाळू अजिमचा.

"मॅडम, तुमची रजा मंजूर!"

आणि त्या सगळ्या शहाण्या मुलांनी बाक वाजवले. त्यांना काय कळायचं राहिलं होतं? सगळं मलाच उशिरा कळत होतं.

* * *

पुनावळ्यात मी कित्येक वर्षांत गेले नव्हते. हायवेच्या बाजूला चाळीस मजली इमारती, त्यांच्या काचांवर ढग. मग रिक्षा आत वळली, मारुतीचं देऊळ आलं, आणि एकदम जुनं गाव. भिमाजीरावांचं घर कुणी लहान मुलानेही दाखवलं असतं.

अंगणात एक अतिशय म्हातारी बाई प्लास्टिकच्या खुर्चीत बसून लसूण सोलत होती. कपाळ भरून गोंदण. ही गोजाबाई, भिमाजीरावांची आई. नव्वदी ओलांडलेली.

"कोन पायजे गं?"

"भिमाजीराव आहेत का? मी... कंपनीतली."

तिने मान वर केली आणि मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"काचंच्या खोलीतली व्हय गं तू?"

मी थक्क झाले. "तुम्हाला कसं माहीत?"

"रोज घरी यिऊन तुजंच सांगायचा की. बाईनं आज आसं केलं, बाईनं तसं केलं. त्याची कारभारीन बी हसायची, म्हनायची, घरी आलात तरी ड्यूटी संपंना तुमची." तिने पाकळी टोपलीत टाकली. "समदी शिफ्ट तुला शिव्या घालायची. ह्यो न्हाई. ह्यो म्हनायचा, कडक हाय पन खोटी न्हाई."

तेवढ्यात घरातून सून बाहेर आली, शालन. मागोमाग मुलगा रोहिदास, हातात गाडीच्या चाव्या. आणि घराच्या कोपऱ्यावरून, पायांना चिखल, हातात खुरपं, भिमाजीराव.

मला बघून ते जागीच थांबले. डोक्यावर टोपी नव्हती. पांढरे केस वाऱ्याने उडत होते. टोपीशिवाय ते मला एकदम तरुण दिसले.

"बाई? तुमी हितं?"

"माणूस कामावर आलं नाही तर घरी जायचं असतं," मी म्हणाले. "तुमचंच शिकवणं. भिमाजीराव, मला तुमच्याशी बोलायचंय. जरा बाजूला येता?"

त्यांनी आईकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं. शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या दोन बायाही थांबल्या होत्या.

"बाजूला कुटं, बाई?" ते खिन्नपणे हसले. "हितं काय केबिन हाय?"

खरंच की. आणि मग मला वाटलं, बाजूला कशासाठी? बाजूला घ्यायचं ते चूक सांगायला. नकार मी सगळ्यांसमोर दिला होता. मग हे का लपवून सांगायचं?

"बरं, इथेच बोलते," मी म्हणाले. "त्या दिवशी मी तुम्हाला मुलांसमोर हसण्यावारी नेलं. घाबरले होते म्हणून. तुम्ही खरं मागितलंत आणि मी खोटं बोलले. तर आता खरं सांगते. मला बंगळूरला कायमचं जायचं नाही. मला इथेच राहायचंय... तुमच्याबरोबर. तुम्ही विचारणार असाल तर माझं हो आहे. आणि विचारणार नसाल, तर मी विचारते."

खुरपं खाली पडलं.

भिमाजीरावांचे डोळे भरून आले होते. मिशी थरथरत होती, पण शब्द फुटत नव्हता. सगळ्या जन्मात इतकी भाषणं केलेला माणूस!

बोलला तो रोहिदास. वाईट बोलला नाही, पण अवघडून बोलला. "मावशी, तुमचा मान आहे आम्हाला. पण गावात आमचं नाव आहे. लोकं काय म्हणतील? या वयात..."

"काय म्हंतील रं?" गोजाबाईने लसणाची टोपली मांडीवरून खाली ठेवली. "नाव हाय म्हनून बापानं एकट्यानं जेवायचं व्हय? तुमी समदे मोबाइलमदी. त्यो भित्ताडाकडं बगून भाकर मोडतो. लोकास्नी जेवाय बोलाव. बुंदी खाल्ली की गप बसत्यात लोकं."

"अहो, मी तर तुम्हाला केव्हाच म्हणाले होते," शालन नवऱ्याला म्हणाली आणि पदर तोंडाला लावून हसली. "आबा दर शुक्रवारी रात्री टोपीला दोन-दोनदा इस्त्री करतात. साधं शिकवायला जाणारं माणूस असं करतं का?"

"शालन!" भिमाजीराव ओरडले. पहिला शब्द फुटला तो हा.

रोहिदासने वडिलांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. त्याने वडिलांचा असा लाजलेला चेहरा बहुतेक कधी बघितलाच नसावा. मग त्याने चाव्या खिशात टाकल्या, आतून एक खुर्ची उचलून आणली आणि अंगणात, आजीच्या खुर्चीशेजारी मांडली.

"बसा, मावशी," तो म्हणाला. "उभ्या का?"

मी बसले. भिमाजीराव नळावर हातपाय धुऊन आले आणि माझ्यासमोर उभे राहिले. ओल्या हातांचं काय करावं ते त्यांना कळत नव्हतं.

"बाई..."

"आता काय?"

"काय न्हाई... आता दुसरं काय म्हनलं तर चालंल का, त्ये इचारत व्हतो."

"म्हणून बघा."

त्यांनी इकडेतिकडे बघितलं, घसा खाकरला, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझं नाव घेतलं. नुसतं. पुढे ताई नाही, बाई नाही.

"इंदू."

गोजाबाई मोठ्याने हसली. गच्चीवरच्या बायाही हसल्या. मला अजिबात लाज वाटली नाही.

तेवढ्यात माझ्या पर्समधला फोन वाजला. सायली.

"आई, अगं कुठे आहेस? किती वेळ लावतेस फोन उचलायला! ऐक, विमानाची तिकिटं स्वस्त आहेत दिवाळीनंतरची. तुझं काढून टाकते आत्ताच. चालेल ना?"

भिमाजीराव माझ्याकडे बघत होते. श्वास रोखून बघत होते.

"काढ," मी म्हणाले. "पण दोन काढ."

"दोन? दुसरं कुणाचं?"

"आल्यावर सांगते. भेटशीलच. आणि सायली... परत यायचीही दोन काढ हं. आम्ही आठच दिवस राहणार."